मेजरांचे नव्वद दिवस

उंब्रजला हायवेच्या सर्व्हिस रोडवर, खताच्या दुकानाच्या वर, एक पत्र्याची पाटी होती. 'गिटार शिका. फक्त ९० दिवस. मेजर जालिंदर साळुंखे (निवृत्त).' कशातून निवृत्त हे लिहिलं नव्हतं. सातारा जिल्ह्यात ते लिहावं लागत नाही.

खरं तर ते मेजर नव्हते, हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्याकडं पेन्शनवर आलेला फौजी स्टँडवर उतरला, की पहिल्या चहाला मेजर होतो. सरकारनं अठ्ठावीस वर्षांत जे दिलं नाही, ते गावानं एका कपात देऊन टाकलं, आणि साळुंखेही ते बशीत ओतून शांतपणे प्यायले. गिटारच्या क्लासमध्ये त्यामुळं एक वेगळाच घोटाळा व्हायचा. कुणी 'सी मेजर' या कॉर्डचं नाव घेतलं की ते मान वर करून म्हणत, "हां, बोल."

मी तिथल्या हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. मुलगी पुण्याला होस्टेलवर गेली आणि तिची गिटार घरात भिंतीला टेकून राहिली. रोज केर काढताना ती आडवी यायची. एक दिवस ती उचलली आणि जिना चढले.

"नवख्या माणसाला किती दिवस लागतात हो?" मी विचारलं.

"नव्वद."

"म्हणजे साधारण..."

"साधारण न्हाई बाई. नव्वद. सुट्ट्या धरून."

"आणि एखाद्याला नाही आलं तर?"

युद्ध हरलो तर काय, असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "न येऊन सांगतंय कुनाला? आनावं लागतं."

सकाळी सहाला क्लास भरायचा. आम्ही सातजण होतो. त्यात हायवेवर ढाबा चालवणारे बापू थोरात होते, आणि आरोग्य केंद्रातली नर्स सारिका खरात होती. सारिका म्हसवडकडची. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी शेतीही. बोलायची कमी. बापू तिच्या वाट्याचंही बोलायचे.

गिटारला मेजर 'हत्यार' म्हणत. हत्यार जमिनीवर ठेवायचं नाही, हत्याराला पाठ दाखवायची नाही. एक मिनिट उशीर झाला तर हत्यार डोक्यावर धरून जिना तीनदा वरखाली. बापूंचं वजन आणि त्या जिन्याची रुंदी यांचं जमत नव्हतं. एकदा ते मधल्या पायरीवर अडकले, तेव्हा खालच्या खतवाल्यानं गिटार काढून घेतली आणि मग बापूंना.

दर सोमवारी बोटांची तपासणी असायची. ओळीत उभं राहून डावा हात पुढं करायचा. मेजर प्रत्येक बोटाचं टोक अंगठ्यानं दाबून बघत आणि शेरा देत. "अजून लोणी हाय." पुढच्याला, "हां, ही जरा भाकरी व्हाय लागली." तारांनी बोटांना फोड यायचे, मला भांडी घासवत नव्हती. बापूंनी धीर करून विचारलं, "मेजर, ह्याला मलम काय लावावं?"

"हळद लाव आणि वाजव. रडायचं आसंल तर तालात रड."

मोबाइलवर बघून शिकणाऱ्यांचा त्यांना विशेष राग. "त्यो मोबाइलवरचा मास्तर तुजं बोट बघतोय व्हय? त्यो आपलंच त्वांड बघत बसतोय." हे मात्र त्यांचं खरं होतं. मेजर बोट बघायचे. तुमचं बोट गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्टीच्या चुकीच्या बाजूला केसभर सरकलं, तरी पाठमोऱ्या मेजरांना ते कळायचं. पहिल्या महिन्यात आमच्यापैकी ज्यांनी आयुष्यात ताटसुद्धा तालात वाजवलं नव्हतं, ते दोन कॉर्डवर, म्हणजे बोटांच्या दोन ठेवणींवर, गाणं धरायला लागले. माणूस शिकवायचा, यात वाद नाही. काय शिकवायचा, तो प्रश्न पुढचा.

मेजर पाच कॉर्ड शिकवत. सी, जी, डी, ई मायनर, ए मायनर. "पाच पांडव," ते म्हणत. "ह्या पाचांत सगळं महाभारत वाजतंय. सहावा कोन व्हता का? सांगा की."

"कर्ण," सारिका म्हणाली.

 मेजरांनी खिडकीकडं बघितलं, खाली एका ट्रकनं हॉर्न दिला, आणि ते म्हणाले, "चला, सी धरा."

पाच कॉर्डमध्ये न बसणारी गाणी असतात. किंबहुना बरीच तशीच असतात. मेजरांचा त्यावर साधा उपाय होता. "ती ओळ सोडायची. लोकांना कळत न्हाई." ओळ सोडायची म्हणजे तेवढा वेळ गिटारच्या लाकडावर हातानं थाप देत राहायचं आणि पुढची ओळ आली की पुन्हा सुरू करायचं. बापूंच्या आवडत्या गाण्यात जिच्यासाठी ते गाणं होतं तिचं नावच सोडलेल्या ओळीत गेलं. बापू शेवटपर्यंत कुणासाठी गात होते, ते कुणाला कळलं नाही.

बापूंच्या पुतण्याच्या हळदीला आम्ही सगळे वाजवायला गेलो. पहिल्याच गाण्यात सोडलेल्या ओळीचा खड्डा आला, आम्ही थाप धरली, आणि गाणं संपलं असं समजून मांडवानं टाळ्या वाजवल्या. आम्ही पुन्हा सुरू केलं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा टाळ्या. चौथ्या वेळी नवऱ्याची आत्या उठून म्हणाली, "आरं, एकदाच काय त्ये संपवा की, हळद वाळाय लागली." घरी परतताना मेजर भलतेच खुशीत होते. "एका गाण्याला चार टाळ्या," ते म्हणाले. "फौजेच्या बँडातबी आसं कवा झालं न्हवतं."

सारिकाला आणि बापूंना स्वतःची गिटार घ्यायची होती, म्हणून महिना सरताच एका रविवारी मेजर आम्हांला सांगलीला घेऊन गेले. दुकानदार मगदूम म्हणून होता, तिशीचा, शांत. "या की, बसा की" म्हणत त्यानं पाच-सहा गिटारी काढून ठेवल्या. मेजर बाजारात कलिंगड निवडावं तशी प्रत्येक गिटार बोटाच्या पेरानं ठोकून कान लावत होते. मगदूमनं ते थोडा वेळ सहन केलं. मग त्यानं एक गिटार मांडीवर घेतली, सुरात लावली आणि सहज काहीतरी वाजवलं. वाजवताना मधेच त्यानं पहिलं बोट सहाही तारांवर पट्टीसारखं आडवं टाकलं आणि असा एक भरलेला आवाज आला, की सारिका जागची उठून त्याच्याजवळ गेली.

"ही कुठली?"

"एफ. जरा त्रास देते. पण ही बसली की अर्धी गिटार आलीच म्हणायची."

"आमाला न्हाई शिकिवली."

मगदूमनं भाबडेपणानं मेजरांकडं बघितलं. "सर शिकवतील की. सर, जरा दाखवा," म्हणून त्यानं गिटार पुढं केली.

"यष्टी जाईल," मेजर म्हणाले. "चला, फॉल इन."

एसटीला दीड तास होता. तो आम्ही स्टँडवर उभ्यानं भडंग खात काढला. मेजरांनी तेवढ्या वेळात एकदाही कुणाकडं बघितलं नाही.

सारिकाचे वडील ओवी गातात. रात्रंदिवस मेंढरांमागं चालणाऱ्या माणसाचा आवाज, लांबवर जायला घडलेला. तिच्या मोबाइलमध्ये ती ओवी भरून ठेवलेली होती, आणि त्या ओवीखाली गिटार लावायची एवढ्याचसाठी ती क्लासला आली होती. क्लासला दोन महिने होत आले तेव्हा ती मेजरांच्या समोर उभी राहिली.

"मेजर, हितं बघा. बाचा आवाज असा खाली उतरतोय, तितं पाचातलं एक बी बसंना."

"मग त्या ओवीला सांग सरळ चालायला."

"ओवी वळवायला सांगितली तर बा मलाच काठी घालंल."

"तर मग ती ओळ सोड."

 सारिकानं मान हलवली नाही, हे मी बघितलं. शाळेत वीस वर्षं काढली की न हललेली मान ओळखता येते.

नव्वदाव्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये 'पासिंग आऊट परेड' झाली. हा मेजरांचाच शब्द. सरपंचबाई पाहुण्या, भिंतीला तिरंगी पताका, टेबलावर जाड कागदाची प्रमाणपत्रं. गावात या प्रमाणपत्राला मान होता. बऱ्याच घरांत ते देवाच्या फोटोशेजारी लावलेलं असायचं, आणि त्या बऱ्याच घरांत एकच गाणं, त्याच ठिकाणी खड्डा घेऊन वाजायचं.

आमची गाणी झाली. टाळ्या, खड्डे, टाळ्या. मग सारिका आली. तिनं मोबाइल माइकजवळ ठेवला आणि बापाच्या आवाजाखाली हळू वाजवायला सुरुवात केली. तो आवाज जिथं खाली उतरला, तिथं तिचं पहिलं बोट आडवं झालं. एफ. स्वच्छ, सहाच्या सहा तारा. कुणी शिकवली तिला? मोबाइलवरच्या मास्तरानं, कुणी का असेना. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची कुजबूज थांबली. ओवी संपली तेव्हा कुणाला टाळी सुचली नाही. मग एकजण ओरडला, "पुन्यांदा!"

मेजर उठून स्टेजवर आले. चेहरा तापलेला. "ही चीज आपल्या कोर्सातली न्हाई," ते माइकवर म्हणाले. "हितं हुकूम मोडलाय. हिला सर्टिफिकेट मिळनार न्हाई."

 सरपंचबाईंनी प्रमाणपत्रांचा गठ्ठा उगाच सरळ केला. मागून एक म्हातारा, अगदी मनापासून, काही खोड काढायची म्हणून नव्हे, म्हणाला, "मंग मेजर, तुमीच दावा की कसं वाजवायचं त्ये."

मेजरांना तेव्हा नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय, वेळ झाली, पाहुण्यांना जायचंय, शंभर कारणं होती. पण अख्ख्या गावासमोर माघार घेणं त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी सारिकाच्या हातातली गिटार घेतली, खुर्चीवर ताठ बसले आणि पहिलं बोट आडवं टाकलं. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा. त्यांनी पुन्हा दाबलं. मानेची शीर फुगली. पुन्हा तोच आवाज. तिसऱ्यांदा तर नुसतीच थप्प.

"हत्यार खराब हाय," ते म्हणाले आणि गिटार परत दिली.

मागं कुणीतरी हसलं, आणि एक हसल्यावर हॉल हसला. बापूसुद्धा हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? नव्वद दिवस जिना चढवून घेतल्याचं ते हसू होतं. सारिका तेवढी हसली नाही. तिनं गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि प्रमाणपत्र न घेता दारातून निघून गेली.

आठवडाभरानं मी मेजरांच्या घरी गेले. ते शेतात गेले होते. त्यांच्या पत्नी, सुमनवैनी, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "आवं बाई, ते बँडात व्हते खरं. पर गिटार न्हवते वाजवत. म्होटा ढोल बडवायचे. पोटावर बांदून."

"मग हे गिटार?"

"तिकडं आसामकडं हुते तवा एक मिझोरामचं पोरगं व्हतं त्यांच्या बराकीत. त्यानं शिकिवलं. लय जीव हुता दोगांचा. रोज एक धडा. आन मग त्या पोराची बदली झाली. मोजून नव्वद दिस झालं हुतं." त्यांनी एक शेंग फोडली. "त्या एफाचा धडा दुसऱ्या दिवशी हुता म्हनं. तवापास्नं आमचं ध्यान तितंच हुबं हाय."

मी थक्क होऊन बसले. म्हणजे नव्वद दिवसांत गिटार येते, हा आकडा आमच्या बोटांवरून आला नव्हता, आमच्या कष्टांवरूनही नाही. नव्वद दिवसांनंतर मेजरांकडं द्यायला काही उरतच नव्हतं. म्हणून परेड, म्हणून पताका, म्हणून जाड कागद. शिल्लक संपली की आम्हांला सॅल्यूट करून घरी पाठवत होते. घरी परतताना मला बराच राग आला होता. मग आठवलं, की दहावीच्या पुस्तकातला एक धडा मला स्वतःला नीट उमगत नाही, आणि दरवर्षी मी मुलांना सांगते, "हा परीक्षेला येत नाही." माझा राग अर्ध्यावर आला. उरलेला अर्धा मात्र सारिकासाठी तसाच ठेवला.

पुढच्या तुकडीला दोघंच आले, आणि त्यातला एक खतवाल्याचा भाचा होता.

त्यानंतर महिन्याभरानं मी शाळेतल्या मुलींच्या गोळ्या न्यायला आरोग्य केंद्रात गेले होते. रांगेत मेजर. इस्त्रीचा शर्ट, हातात केसपेपर, पुढं खोकणारी एक म्हातारी, मागं लस टोचायला आणलेलं रडणारं बाळ. टेबलापाशी सारिका. मला वाटलं ते परत फिरतील. ते फिरले नाहीत. नंबर आला तसे समोर उभे राहिले, छाती पुढं काढून.

"काय हुतंय?" सारिकानं वर न बघता विचारलं.

"डाव्या हाताच्या पयल्या बोटात जोर न्हाई."

तिनं वर बघितलं. "कवापास्नं?"

मेजरांनी घसा साफ केला. "तीस-एक वर्सं झाली."

सारिकानं त्यांना स्टुलावर बसवलं. बोट हातात घेऊन पेरं दाबून बघितली, सरळ केलं, वाकवलं. अगदी तपासल्यासारखं. "बोट चांगलं हाय. तुमी नुसत्या बोटानं दाबताय. अंगठा मागं मधोमध ठेवा. कोपर अंगाजवळ घ्या. बोट जरासं कुशीवर झोपवा. जोर दंडातनं येऊ द्या."

"दंडातनं," मेजर म्हणाले.

"व्हय."

"किती दिस लागतील?"

"सांगता येत न्हाई."

"मंजी काय? साधारन तरी?"

"मेजर, मला बी दोन म्हैनं लागलं. कुनाला आठ दिस लागत्यात, कुनाला वरीस लागतंय. काय जनांना येतच न्हाई." तिनं केसपेपरवर शिक्का मारून परत दिला. "म्होरं कोन?"

माफी नाही, प्रमाणपत्र नाही, एक चांगला शब्दसुद्धा नाही. मी वाट बघत होते, शिक्षिका आहे ना मी, शेवटी धडा मिळालाच पाहिजे अशी माझी सवय. मेजरांनी फक्त तो केसपेपर चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं आणि बाहेर गेले. सारिकानं लस भरायला घेतली. सुईवर नजर ठेवून ती मला म्हणाली, "बोटं भाकरीवानी झाल्यात त्येंची. आता कुनी दाबून बगायचं?" ती हसत होती की नाही, मला मास्कमुळं कळलं नाही.

वर्षभरात सारिकानं बदली मागून घेतली आणि गावाकडं, माण तालुक्यात गेली. माझी बदली सांगलीला झाली. तिचा अधूनमधून मोबाइलवर आवाज येतो, बापाची नवी ओवी, खाली तिची गिटार. मी वाजवायचं सोडलं. मुलगी म्हणते आई तुला चांगलं येत होतं. माझी पाच कॉर्ड तिनं ऐकलेली आहेत, म्हणजे ती खोटं बोलते.

मेजर मला शेवटचे दिसले ते सांगलीच्या स्टँडवर, गेल्या उन्हाळ्यात. सुमनवैनी बरोबर होत्या. बाकावर दोघं बसलेले, आणि जवळ गिटार नव्हती.

"मोडली," वैनी म्हणाल्या. "एफ दाबून दाबून मान हलिवली तिची. मगदूमाकडं टाकून आलोय दुरुस्तीला. त्यो म्हनला, काका, सदतीस गिटारी दुरुस्त केल्या, पर दाबून मोडलेली पयलीच बगतोय."

"लाकूड कच्चं हुतं," मेजर म्हणाले. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "बाई, हत्यार चालू हाय का?"

मी म्हटलं, "हो."

त्यांनी हात पुढं करा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी पकडले गेले असते, माझ्या बोटांचं पुन्हा लोणी झालं होतं. कराडची गाडी लागली तशी वैनी पिशव्या घेऊन धावल्या आणि त्यांनी खिडकीजवळची जागा धरली. मेजर शेजारी बसले. मी खाली खिडकीशी उभी होते. गाडीत कंडक्टर तिकिटं काढत पुढं येत होता. मेजरांनी पुढच्या सीटच्या लोखंडी दांड्याला डावा हात लावला होता. आधी मला वाटलं, आधाराला. मग बघितलं, तर पहिलं बोट दांड्यावर आडवं पडलं होतं आणि बाकीची तीन बोटं एकेक करून आपापली जागा शोधत होती.

"काका, तिकीट," कंडक्टर म्हणाला.

मेजरांनी वर बघितलं नाही. "थांब जरा," ते म्हणाले. "बसतंय."